विश्लेषण : परंपरा की नवी वाट? अब्दुल करीम खाँ यांनी काय निवडले?

सोलापूर-विजयपूर मार्गावरच्या मंद्रूपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कानी पडतात. अशाच सीमाभागात किराणा गायकी रुजली. ती रुजवणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ परंपरावादी होते की प्रयोगशील?

सुरुवात कुठे?
जन्म १८७२, उत्तर प्रदेशातील कैराना. काही काळ ते बडोदा दरबारी होते. ताराबाई माने यांच्यासह बडोदा सोडल्यावर पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले.

परंपरा कोणती राखली?
संथ आलापी आणि अचूक सूर. ते बीनही वाजवत. श्रुतींचा शोध घेणाऱ्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना त्यांनी साथ दिली.

नवे काय केले?
विद्या घराबाहेर सहसा न देण्याच्या काळात त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तिकीट लावून जलसे केले. कर्नाटक संगीतातली सरगम ख्यालात आणली, त्यागराजांची रचना ध्वनिमुद्रित केली. मराठी नाट्यपदेही गायली.

किंमत काय मोजली?
१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. घर मोडले, पण त्याच घरातले सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर पुढे नावारूपाला आले.

वारसा कोणता?
१९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेतच त्यांचे निधन झाले. शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी ही गायकी घरोघरी नेली. मिरजेच्या दर्ग्यात उरुसात आजही गायक-वादक त्यांच्या स्मृतीला हजेरी लावतात.