कल्याणची यमू

सापगावहून शहापूर, तेथून आसनगाव स्टेशन आणि पुढे लोकलने कल्याण हा प्रवास आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. पुस्तके, कपडे, दाखले, दवाखाना, कशासाठी ना कशासाठी आपण कल्याणला जातो. पण डॉ. आनंदीबाई जोशी ह्याच कल्याणच्या, हे मला बारावी होईपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांचे नाव ऐकले होते, तसबीर पाहिली होती. मात्र त्या पुण्याच्या किंवा मुंबईच्या असाव्यात असे मी आपले गृहीत धरून चालले होते. आपल्या बाजूचे कोणी एवढे मोठे असेल ही कल्पनाच मनाला शिवली नव्हती. ह्या लेखाला सुरुवात झाली ती तेथून.

मागील वर्षी आपल्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली, तेव्हा सूचना फलकावरील यादीत मी माझे नाव लिहिले आणि दुसऱ्या दिवशी कोणी नसताना ते खोडले. मला कोणी नको म्हटले नव्हते, कोणी हसलेही नव्हते. माझा निकाल मीच लावला होता. त्यानंतर काही दिवसांनी आनंदीबाईंचे चरित्र हाती आले आणि ते वाचताना ती खोडलेली ओळ पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येत राहिली.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या गणपतराव जोशी ह्यांना मुलगी झाली. तिचे नाव यमुना, घरात यमू. ठाणे ते कल्याण आगगाडी १ मे १८५४ रोजीच सुरू झाली होती. म्हणजे यमू जन्मली तेव्हा गावात आगगाडी येऊन जवळजवळ अकरा वर्षे लोटली होती. रूळ दूरवर गेले होते, पण मुलीच्या वाटा माजघराच्या उंबऱ्यापाशीच संपत होत्या. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते बिजवर होते आणि तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नाला त्यांची एक अट होती, ती म्हणजे मुलीला शिकवू दिले पाहिजे. लग्नानंतर यमूची आनंदी झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आनंदीला शिक्षणाची गोडी जन्मतःच होती असे समजण्याचे कारण नाही. लहानपणी अभ्यास तिला नकोसा वाटे. गोपाळरावांचा स्वभाव हट्टी, लहरी आणि तापट होता. अभ्यास टाळला म्हणून त्यांनी तिला मारहाण केली आहे, आणि तिने पुढे पत्रातून त्याबद्दल त्यांना लिहिलेही आहे. त्यांनी तिला शिकवले हे खरे, आणि ते शिकवणे कठोर होते हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवूनच हे चरित्र वाचावे लागते.

आनंदी चौदा वर्षांची असताना तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. बायकांच्या आजाराला योग्य उपचार मिळत नव्हते. डॉक्टर पुरुष, आणि परपुरुषापुढे दुखणे सांगण्यापेक्षा मरण बरे असे मानणाऱ्या बायका घरोघरी होत्या. बाईने डॉक्टर व्हावे हा विचार मात्र कोणाच्या मनात येत नव्हता. तसा लेखी नियम कोठे असो वा नसो, प्रत्येकीने तो मनाशी मान्य केलेला होता. स्वतःचे मूल गमावलेल्या ह्या मुलीने तो नियम मानायचे नाकारले. त्या क्षणापासून शिक्षण हा नवऱ्याचा हट्ट राहिला नाही, तो तिचा स्वतःचा ध्यास झाला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या तशी ती अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी फिरली. तिला अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुरातून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेतील एका नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले आणि दोन स्त्रियांचा स्नेह जुळला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जाण्याचे ठरले तशी चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा आनंदीबाईंनी जे केले ते मला त्यांच्या सर्व चरित्रात सर्वांत मोठे वाटते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात सभा भरली आणि त्या सभेपुढे त्या इंग्रजीतून बोलल्या. अठरावे वर्ष पुरे व्हायला अजून महिना होता. लोक जे प्रश्न आडून विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? काही संकट ओढवले तर? आणि आजवर कोणत्याही बाईने जे केले नाही ते तूच का करावेस?

त्यांच्या उत्तरांचा मथितार्थ असा. ह्या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आणि येथील शिक्षणाची सोय अपुरी आहे. बाई पुस्तके घेऊन रस्त्याने निघाली तर लोक तिची टर उडवतात, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. पतीवर त्यांची आई आणि धाकटे भाऊ अवलंबून होते, म्हणून ते सोबत येऊ शकत नव्हते. बहिष्काराची त्यांना भीती नव्हती, कारण त्या जशा जाणार तशाच हिंदू राहून परतणार होत्या. संकट तर घरी बसूनही येते. आणि जे आजवर कोणी केले नाही ते कोणीतरी केल्यावाचून होणार कसे, हे त्यांचे शेवटचे म्हणणे.

ह्या सहा प्रश्नांकडे नीट पाहिले म्हणजे कळते की ते जितके लोकांचे होते तितकेच कोणाही मुलीच्या मनातले होते. आपल्याला अडवणारी भीती बहुधा मनात मोघम असते, म्हणून ती मोठी वाटते. आनंदीबाईंनी तिचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला उत्तर शोधले. भीती पूर्ण जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ७ एप्रिल १८८३ रोजी परिचित मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी जो अर्ज केला, त्यातही हाच गुण दिसतो. आपण प्रवेशाच्या सर्व अटींत बसत नसू हे त्यांनी मोकळेपणाने कळवले. वय, अपुरे शिक्षण, काहीच लपवले नाही. मात्र आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून जो निश्चय आपल्याला येथवर घेऊन आला तोही विचारात घ्यावा, असे त्यांनी सुचवले. स्वतःची उणीव त्यांनी जाणली, सांगितली, पण त्या उणिवेवरून स्वतःला नापास केले नाही. निकाल लावण्याचे काम ज्यांचे होते त्यांच्यावरच सोपवले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

तेथील तीन वर्षे सुखाची नव्हती. कडाक्याच्या थंडीत लुगडे नेसायचे, शाकाहार सोडायचा नाही, परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकायचे. प्रकृती ढासळत होती. तरी हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र ह्या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्या काळातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या सोबत जपानची केई ओकामी आणि सिरियाची सबात इस्लांबुली ह्या विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आपल्याला हे जमणार नाही असे जगभरच्या मुलींना वाटत होते, आणि तिघी तीन दिशांनी ते खोटे ठरवायला निघाल्या होत्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायलाही महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांचे स्मारक आहे. ह्याच जीवनावर श्री. ज. जोशी ह्यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली.

मित्रमैत्रिणींनो, मनात आणले की सारे जमते असे सांगण्यासाठी मी हे चरित्र लिहिले नाही. तसे ते सांगतही नाही. निश्चयाने क्षय बरा झाला नाही. कार्पेंटर मावशी आणि शिष्यवृत्ती नसती तर नुसता निश्चय पदवीपर्यंत पोहोचला असता का, हाही प्रश्नच आहे. पैसा, प्रकृती, घरची जबाबदारी ह्या खऱ्या अडचणी आहेत. शेतीची कामे आटोपून एस.टी. गाठणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्या कोणी समजावून सांगायला नकोत. परंतु त्या खऱ्या अडचणींच्या पुढे आपण आणखी एक कुंपण घालतो, ते मात्र आपले स्वतःचे असते. इंग्रजी आपले नव्हे, स्पर्धा परीक्षा आपल्यासाठी नव्हेत, नर्सिंगचा फॉर्म भरून काय उपयोग, असे म्हणत आपण शेवटची तारीख जाऊ देतो. मग न दिलेल्या परीक्षेत आपण नापास झालो असे समजतो.

आनंदीबाईंना मायदेशी डॉक्टर म्हणून काम करता आले नाही. पण बाईला डॉक्टर होता येत नाही, हे त्यांच्यानंतर कोणाला खात्रीने म्हणता येईना. रखमाबाईंसारख्या स्त्रिया त्याच वाटेने डॉक्टर झाल्या. आज आपल्या तालुक्यातील एखादी मुलगी डॉक्टर झाली तर गावात पेढे वाटतात, पण कोणी सभा भरवून तिला सहा प्रश्न विचारत नाही. एवढे अंतर त्या एका मुलीने तोडले.

ह्या वर्षीची वक्तृत्व स्पर्धेची यादी लागेल तेव्हा मी पुन्हा नाव लिहिणार आहे. बोलताना अडखळेन, कदाचित मध्येच विसरेन. बक्षीस मिळणार नाही हे जवळजवळ नक्की. पण ह्या वेळी ते परीक्षकांना ठरवू देणार आहे.