रानडुकराचा शिकारी ते बालवीरांचा गुरू : लॉर्ड बेडन पॉवेल

थोर पुरुषांची चरित्रे मुलांसमोर ठेवताना त्यांतील गुण तेवढे वेचून घ्यावे आणि बाकीचे झाकून ठेवावे, अशी आपल्याकडील अनेक चरित्रलेखकांची पद्धत आहे. या पद्धतीने चरित्रनायक देव होतो खरा, पण तो आपल्या उपयोगाचा राहत नाही. कारण देवाचे अनुकरण कोणी करीत नाही, त्याला केवळ नमस्कार करतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्यांचे चरित्र मी निवडले आहे, ते लॉर्ड बेडन पॉवेल आपल्या ज्ञातीचे नव्हेत, देशाचे नव्हेत, इतकेच काय, आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या सैन्यातील एक अधिकारी होते. तथापि ज्ञातीतील कित्येक मुलामुलींनी शाळेत गळ्यात रुमाल बांधून जी प्रतिज्ञा घेतली, तिचा उगम या पुरुषापाशी आहे. प्राणिमात्रांशी मित्रत्वाने वागावे असा नियम मुलांना घालून देणारा हा गृहस्थ तरुणपणी रानडुकराच्या शिकारीतील एक नामांकित भालाईत होता. हा विरोध कसा उत्पन्न झाला आणि पुढे तो कितपत मिटला, हे पाहणे बोधप्रद आहे.

रॉबर्ट बेडन पॉवेल यांचा जन्म लंडन शहरी २२ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्डच्या विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. मुले पुष्कळ, मिळकत बेताची. परंतु माता हेन्रिएटा मोठी धीराची आणि करारी. तिने मुलांना काटकसरीत पण स्वाभिमानाने वाढविले. वडील भावांबरोबर सुट्टीत पायी हिंडणे, होडी वल्हविणे, उघड्यावर स्वयंपाक करणे, हे त्यांचे खरे शिक्षण झाले. चार्टरहाउस नावाच्या शाळेत ते शिकले. शाळेमागे एक झाडी होती व तेथे जाण्यास मुलांना मनाई होती. रॉबर्ट तेथे लपूनछपून जाई, सशाचा माग काढी आणि धूर न दिसेल अशा बेताने तो शिजवून खाई. गुरुजी आले तर झाडावर निश्चल बसून राही. शिक्षक या नात्याने या वर्तनाची शिफारस मला करता येणार नाही. परंतु पुढील आयुष्याचे बीज त्या झाडीत पेरले गेले, हे मात्र खरे.

ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेत त्यांना यश आले नाही. पुढे लष्कराच्या स्पर्धापरीक्षेत मात्र घोडदळाच्या यादीत त्यांचा दुसरा क्रमांक लागला आणि १८७६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तेराव्या हुसार्स पलटणीत दाखल होऊन ते हिंदुस्थानात लखनौस आले. श्रीमंत अधिकाऱ्यांच्या त्या पलटणीत या तरुणापाशी पैसा थोडा होता. वर्तमानपत्रांना लेख आणि चित्रे पाठवून ते आपल्या खर्चास हातभार लावीत. चित्रे काढताना उजवा व डावा असे दोन्ही हात ते सारख्याच सफाईने चालवीत. लष्करी कामात नकाशे काढणे व टेहळणी करणे यांत त्यांची बुद्धी विशेष चाले, आणि याच विषयावर १८८४ साली त्यांचे एक पुस्तकही प्रसिद्ध झाले.

पलटण मथुरेस असताना त्यांना डुकराच्या शिकारीचा नाद लागला. ही शिकार कशी असे, ते आजच्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. बंगालमध्ये इंग्रज प्रथम अस्वलावर भाला चालवीत; अस्वले दुर्मिळ झाल्यावर ते रानडुकराकडे वळले, असे सांगतात. पुढे ही शिकार आपल्या दख्खनसह सर्व हिंदुस्थानभर पसरली. बंगालकडे भाला आखूड व जड असे आणि तो वरून खाली मारीत. मुंबई इलाख्यात व उत्तर हिंदुस्थानात लांब भाला कमरेजवळ धरून नेम साधीत. दांडा भरीव बांबूचा. बंदुकीने डुक्कर मारणे या शिकाऱ्यांत निंद्य समजले जाई आणि मादीवर भाला उचलणे नियमाने वर्ज्य होते.

गंगायमुनांच्या काठच्या सखल, पूर येऊन जाणाऱ्या भूमीस तिकडे खादर म्हणतात. तेथे पुरुषभर उंचीचे गवत माजते आणि त्यात डुकरांची वस्ती असते. हाकेकरी माणसे आणि हत्ती यांची रांग ते गवत झोडपीत पुढे सरके. नर बाहेर पडला व मोकळ्या मैदानास लागला, की पंच खूण करी आणि तीनचार स्वार एकदम घोडे सोडीत. ज्याच्या भाल्याला प्रथम रक्त लागेल त्याची जीत. हे वाचताना सोपे वाटते. परंतु रानडुक्कर पहिल्या काही अंतरात भरधाव घोड्यालाही दाद देत नाही, अकस्मात काटकोनात वळते, आणि दमले म्हणजे पळणे सोडून उलट अंगावर येते. त्याच्या खालच्या जबड्यातील सुळे वरच्या सुळ्यांवर घासून सुऱ्यासारखे धारदार झालेले असतात. त्या सुळ्यांनी घोड्याचे पोट फाटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. गवतात लपलेली विहीर वा नाला स्वाराच्या प्राणावर बेते.

मीरतेकडील खादरात या शिकारीची मोठी स्पर्धा भरत असे. तिचे नाव कादिर कप. डुकराच्या शिकारीत याहून मोठा मान इंग्रज अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हता. १८८३ साली बेडन पॉवेल यांनी हा कप जिंकला. १८८९ साली त्यांनी या शिकारीवर एक ग्रंथही लिहिला. डुकराच्या सवयी, माग कसा ओळखावा, घोडा कसा तयार करावा, भाला कसा धरावा, याचे बारकाईने केलेले वर्णन त्यात आहे. रात्री जंगलात एकटे हिंडून, अंधारात बसून प्राण्यांच्या हालचाली पाहण्याची त्यांना मोठी हौस होती. मोडलेली काडी, दबलेले गवत, चिखलातील खूर, यांवरून घडलेली हकीकत वाचण्याची जी विद्या त्यांनी पुढे मुलांना शिकविली, तिचे पहिले धडे त्यांनी या खादरात गिरविले. आणि हे धडे देणारे पुष्कळदा आपल्याच देशातील नाव नसलेले शिकारी व हाकेकरी होते, हे विसरता कामा नये.

या खेळाच्या दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. रानडुक्कर शेतकऱ्याचा वैरी. भुईमूग, ऊस, मका, रताळी एका रात्रीत उकरून तो वर्षाचे कष्ट मातीस मिळवितो, हे आपल्या खेड्यांतील बांधवांस सांगणे नको. त्यामुळे साहेब डुक्कर मारतो याचे गावाला वाईट वाटत नसे. मारलेल्या डुकराचे सुळे पहिला भाला लावणाऱ्याकडे जात आणि मांस बहुधा हाकेकऱ्यांस व ते खाणाऱ्या गावकऱ्यांस मिळे. म्हणजे जो प्राणी एकाच्या दृष्टीने मर्दुमकीची कसोटी, तोच दुसऱ्याच्या दृष्टीने पिकाचा नाश आणि तिसऱ्याच्या दृष्टीने पोटभर जेवण. यांतील शेतकरी व हाकेकरी गरजेपोटी तेथे येत, स्वार मात्र हौसेपोटी. गरजेपोटी केलेली हत्या आणि हौसेची हत्या यांतील भेद स्वतः बेडन पॉवेल यांनाही पुढे जाणवलेला दिसतो. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हा खेळ क्रूर असल्याचे त्यांनी मान्य केले, आणि तरीही तो आपणांस अतिशय प्रिय होता हेही लपविले नाही. डुक्करसुद्धा या झुंजीत रंगून जाते, असे समर्थन त्यांनी केले आहे. ते मात्र मनास पटत नाही. डुकराचे मत विचारण्याची सोय नसल्यामुळे त्याच्या वतीने शिकाऱ्याने साक्ष द्यावी, हा न्याय विलक्षणच म्हटला पाहिजे.

पुढील काळात त्यांची नेमणूक आफ्रिकेत झाली. १८९६ साली माताबेले लोकांच्या उठावात त्यांनी टेहळणीचे मोठे काम केले. परंतु त्याच मोहिमेत पकडलेल्या उविनी नावाच्या सरदारास लष्करी न्यायालयापुढे उभे करून त्यांच्या हुकमाने गोळी घालण्यात आली. चौकशीत ते दोषमुक्त ठरले, तरी हा डाग चरित्रात राहिलाच. १८९७ मध्ये ते पाचव्या ड्रॅगून गार्ड्स पलटणीचे प्रमुख होऊन पुन्हा हिंदुस्थानात, मीरतेस आले. तेथे त्यांनी निवडक शिपायांच्या लहान लहान तुकड्या करून त्यांना टेहळणी शिकविली आणि उत्तीर्ण होणाऱ्यांस खास बिल्ला दिला. बालवीरांच्या पथकाची रचना येथे प्रथम दिसते.

१८९९ साली बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग या लहानशा गावास बोअर सैन्याने वेढा घातला आणि बेडन पॉवेल यांनी तुटपुंज्या शिबंदीनिशी तो २१७ दिवस झुंजविला. नसलेले सुरुंग असल्याचे भासविणे, नसलेल्या काटेरी तारा ओलांडण्याचा अभिनय शिपायांकडून करविणे, अशा युक्त्यांनी त्यांनी शत्रूस झुलविले. गावातील मुलांचे एक पथक निरोप पोचविण्याचे काम निर्भयपणे करी. मुलांवर विश्वास टाकला की ती मोठ्या माणसाप्रमाणे वागतात, ही गोष्ट त्यांच्या मनात तेथे पक्की ठसली. मे १९०० मध्ये वेढा उठला आणि ते साऱ्या इंग्लंडचे लाडके वीर झाले. परंतु त्याच वेढ्यात आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्यास अन्न फार थोडे आले, कित्येक उपासमारीने मेले, आणि खांद्यास खांदा लावून लढलेल्या बारोलाँग लोकांना श्रेय मिळाले नाही, असा दोष पुढील इतिहासकारांनी त्यांना दिला आहे.

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसले, की शिपायांसाठी लिहिलेले आपले टेहळणीचे पुस्तक शाळांतून वाचले जात आहे. तेव्हा मुलांसाठी ही विद्या नव्याने मांडावी असे त्यांनी ठरविले. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर श्रीमंतांची आणि कामकऱ्यांची मिळून सुमारे वीस मुले त्यांनी एकत्र राहावयास नेली. ज्या समाजात हे दोन वर्ग एका पंक्तीस बसत नसत, तेथे एकाच तंबूत निजणे ही लहान गोष्ट नव्हती. १९०८ साली त्यांचे बालवीरांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. त्या पुस्तकातील सहावा नियम असा, की बालवीर हा प्राण्यांचा मित्र होय. त्यांना यातनांपासून वाचवावे आणि निष्कारण एखादी माशीही मारू नये. ज्या हाताने कादिर कप उचलला, त्याच हाताने हा नियम लिहिला. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. धैर्य, निरीक्षण, चिकाटी, अंगमेहनत हे शिकारीतील गुण ठेवावे आणि हत्या तेवढी गाळावी, अशी ती वाटचाल होती. ती पुरती सरळ नव्हती, पण दिशा योग्य होती.

१९१२ साली त्यांचा विवाह ऑलिव्ह सोम्स यांच्याशी झाला. पुढे वीरबालांच्या चळवळीची धुरा या बाईंनी वाहिली. १९२० साली लंडनच्या मेळाव्यात मुलांनी त्यांना जगाचे प्रमुख बालवीर म्हणून घोषित केले. आपल्या देशात मात्र ही चळवळ आरंभी हिंदी मुलांस खुली नव्हती. म्हणून डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेकडे, आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस स्वतंत्र पथके उभारली. १९२१ साली बेडन पॉवेल येथे आले आणि बेझंटबाईंची संघटना मुख्य संस्थेत सामील झाली. १९३७ साली ते पुन्हा आले, परंतु हिंदी लोकांच्या स्वभावाविषयीच्या त्यांच्या उद्गारांनी स्वाभिमानी मने दुखावली, पुष्कळ जण संस्थेतून बाहेर पडले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट संघटना निघाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, हे प्रवाह एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. गुरूचा अपमानकारक शब्द टाकावा आणि त्याची विद्या ठेवावी, हा विवेक आपल्या नेत्यांनी दाखविला, ही अभिमानाची गोष्ट होय.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी केनियातील न्येरी येथे घालविली. हाती आता भाला नव्हता. चलच्चित्राचा कॅमेरा व रंगाची पेटी होती. हत्ती, पाणघोडे, पाखरे यांची चित्रे काढण्यात त्यांचा वेळ जाई. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. थडग्यावर वर्तुळ आणि मध्ये बिंदू अशी खूण आहे. बालवीरांच्या सांकेतिक भाषेत तिचा अर्थ, मी घरी गेलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कादिर कपही इतिहासजमा झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशात हौसेची शिकार गुन्हा ठरली. पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकराचाही बंदोबस्त सरकारी परवानगीनेच करावा लागतो. शेतकऱ्याचे दुःख त्याने संपलेले नाही, हेही तितकेच खरे. परंतु मुलांच्या अंगातील धाडसाला वाट कोणती द्यावी, हा प्रश्न आजही पालकांपुढे आहेच. आपल्या मुलांना सुट्टीत चार दिवस रानात न्यावे, पायी चालवावे, स्वतःचे अन्न शिजवू द्यावे, चिखलातील खूर ओळखावयास शिकवावे, आणि कोणत्याही जातीच्या सोबत्यासह एका पंक्तीस बसवावे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे. ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्या घरातूनच असे बालवीर निघाले, तर तो अभिमान सार्थ होईल.