पैसा सरकारचा, डोकं संशोधकाचं : व्हॅनेव्हर बुश

बुश म्हटलं की अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष आठवतात. हे बुश त्या घराण्यातले नाहीत. हे आपल्या जातकुळीतले, म्हणजे इंजिनिअर! आपल्या सरांच्या टेबलावर रिसर्च प्रोजेक्टचं प्रपोजल असतं ना, ज्यात बजेट असतं, ओव्हरहेड असतं, वर एक्स्पर्ट कमिटीची धाकधूक असते? सरकारी पैसा विद्यापीठाच्या लॅबपर्यंत नेणाऱ्या अशा पद्धतीची घडी अमेरिकेत ज्यांनी बसवली, त्यांत हे गृहस्थ सगळ्यात पुढे होते.

जन्म ११ मार्च १८९०चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एव्हरेट गावचा. वडील धर्मोपदेशक. टफ्ट्स कॉलेजात शिकतानाच बुश यांनी जमिनीचा चढउतार आपोआप कागदावर उतरवणारं यंत्र बनवलं आणि पेटंटही घेतलं. धंदा मात्र झाला नाही. १९१६ साली इलेक्ट्रिकलमध्ये डॉक्टरेट. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाणबुडी शोधणारं उपकरण तयार केलं, पण लष्कर आणि संशोधक यांचा मेळच नव्हता आणि ते उपकरण प्रत्यक्ष लढाईत उपयोगी पडलंच नाही. चांगलं मशीन असून भागत नाही, व्यवस्थाही चांगली लागते, हा धडा त्यांनी आयुष्यभर गाठीशी ठेवला.

१९१९ पासून ते एमआयटीत. १९२२ साली दोन भागीदारांबरोबर त्यांनी जी कंपनी काढली, तीच पुढे रेथिऑन झाली. १९३१ पर्यंत त्यांचा डिफरन्शियल अ‍ॅनालायझर तयार झाला. गिअर, शाफ्ट आणि चकत्यांवर डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं खोलीभर यंत्र! इन्फर्मेशन थिअरीवाला क्लॉड शॅनन याच यंत्रावर असिस्टंट होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. जून १९४० मध्ये हिटलरच्या फौजा पॅरिसच्या दाराशी होत्या. बुश तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कार्नेगी संस्थेचे अध्यक्ष होते. ते एकच कागद घेऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले आणि पंधरा मिनिटांच्या आत मंजुरीची सही घेऊन बाहेर पडले. त्यातून संरक्षण संशोधनाची समिती उभी राहिली आणि १९४१ साली तिच्यावर ओएसआरडी हे कार्यालय आलं. दोन्हींचे प्रमुख बुशच.

त्यांची युक्ती साधी होती. मागच्या युद्धात कित्येक संशोधकांना वर्दी चढवून अधिकाऱ्यांच्या हाताखाली दिलं होतं. बुश म्हणाले, तसं नको. सरकारने नव्या प्रयोगशाळांचा पसारा मांडायचा नाही, विद्यापीठाशी करार करायचा. काम काय ते ठरवायचं, कसं करायचं ते संशोधकावर सोडायचं. वीज, इमारत, कारकून यांचा खर्चही सरकारने द्यायचा. तोच आपला ओव्हरहेड. एमआयटीत रडारची लॅब अशीच वाढली. ऐन भरात तिथे जवळजवळ चार हजार माणसं होती. प्रॉक्सिमिटी फ्यूजही याच पद्धतीने झाला. अणुबॉम्बच्या कामाची सुरुवातही बुश यांच्याच देखरेखीखाली झाली, पुढे ते लष्कराकडे गेलं.

युद्ध संपल्यावर काय? जुलै १९४५ मध्ये बुश यांनी ट्रुमन यांना आपला प्रसिद्ध अहवाल दिला. मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, पण त्याची वाटणी जाणकारांच्या मंडळाने करावी आणि संचालकही त्याच मंडळाने नेमावा. इथे ठिणगी पडली! वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर किलगोर यांचं म्हणणं होतं, पैसा जनतेचा तर हिशोबही जनतेला द्या. प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतील, सगळ्या राज्यांना वाटा मिळेल, पेटंट सरकारचं राहील. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, कारण युद्धातली मोठी कंत्राटं मूठभर नामांकित संस्थांनाच मिळाली होती, त्यातही एमआयटी आघाडीवर!

१९४७ साली बुश यांच्या वळणाचं विधेयक संसदेत पास झालं, पण ट्रुमन यांनी त्याला मंजुरी दिली नाही. जनतेच्या पैशावर जनतेला उत्तर न देणारं मंडळ त्यांना मान्य नव्हतं. शेवटी १० मे १९५० रोजी नॅशनल सायन्स फाउंडेशनचा कायदा झाला. मंडळ राहिलं, पण संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमायचा. तोवर नौदल, अणुऊर्जा आयोग आणि आरोग्य संस्था यांनी आपापली दुकानं थाटली होती. सगळं एका छताखाली आणायचं बुश यांचं स्वप्न राहूनच गेलं. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र इतक्यात होणार नाही, हा त्यांचा अंदाजही सपशेल चुकला. २८ जून १९७४ रोजी ते वारले.

भांडण मात्र जिवंत आहे. १९९३ साली अमेरिकेने सरकारी खात्यांना मोजता येतील अशी उद्दिष्टं ठरवायचा कायदा केला, तेव्हा मूलभूत संशोधन मोजायचं कसं, हा पेच पडलाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या आरोग्य संस्थेने ओव्हरहेडवर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली आणि प्रकरण कोर्टात जाऊन अडलं. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध पंतप्रधान आहेत.

जाणकारांवर सोडलं तर मोठ्यांचंच भलं होतं, सरकारने हातात घेतलं तर नव्या कल्पनेचा जीव गुदमरतो. बुश यांना दोन्हींचा मेळ पुरता घालता आला नाही, पण लॅबमधल्या माणसाला मोकळं सोडून त्याच्याकडून काम करून घेता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. उद्या आपल्यापैकी कोणी प्रपोजल लिहील, कोणी त्यावर सही करणाऱ्या खुर्चीत बसेल. दोघांनीही हे बुशपुराण लक्षात ठेवावं!