आधी अभय, शेवटी नम्रता



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३.

दैवी संपत्तीच्या २६ गुणांची ही यादी. सुरुवात अभयाने होते आणि शेवट नातिमानितेने, म्हणजे स्वतःला फार मोठं न समजण्याने. मी ही यादी कितीतरी वेळा घडाघडा म्हटली आहे, पण क्रम असाच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला विनोबांची ‘गीता प्रवचने’ वाचताना. धुळ्याच्या तुरुंगात ५ जून १९३२ च्या रविवारी ते या अध्यायावर बोलले, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. विनोबांनी या गुणांचं सैन्य कल्पिलं आहे : आघाडीला अभय, पिछाडी सांभाळायला नम्रता. पुढे भीती असेल तर पाऊलच उचलत नाही, आणि मागे नम्रता नसेल तर जिंकलेलंही हातचं जातं.

हा माणूस जन्मला ११ सप्टेंबर १८९५ ला, कोकणातल्या गागोदे गावी. विनायक नरहरी भावे. आईला संस्कृत गीता समजेना, म्हणून पुढे त्याने तिच्यासारख्यांसाठी मराठीत ‘गीताई’ लिहिली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघाला आणि सुरतेला उतरून थेट काशी गाठली. तिथून गांधीजींकडे. १९५१ पासून भूदानासाठी पायी देशभर फिरला. एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. चंबळचं प्रकरण मात्र बरेचदा राहून जातं.

भिंड, मुरैना, आग्रा हा चंबळचा पट्टा. नदीच्या दोन्ही काठांना मातीच्या उंच घळ्यांचं जाळं. तिथे बंदूकधारी टोळ्या राहत. लोक त्यांना डाकू म्हणत, ते स्वतःला बागी म्हणवत. जमिनीचं भांडण, अपमान, एक खून, मग त्याचा सूड आणि सूडाचा सूड. एकदा घळीत उतरलेल्याला परत यायला वाटच नसे. बाहेर पोलिसांची गोळी, आत टोळीची. मानसिंग हा तिथला सगळ्यांत गाजलेला म्होरक्या, १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना कळवलं की मरण्याआधी भेटायचं आहे. विनोबा पदयात्रेत होते, म्हणून त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पाठवलं. काश्मीरच्या युद्धात लढलेला हा सेनापती पुढे बिनहत्यारी घळ्यांमध्ये जाऊन टोळ्यांशी बोलत राहिला.

मे १९६० मध्ये ६४ वर्षांचे विनोबा त्या उन्हात पायी तिथे पोहोचले. माफीचं आमिष त्यांनी कुणाला दाखवलं नाही. बंदूक खाली ठेवा, केलेलं कबूल करा, कायदा देईल ती शिक्षा घ्या, एवढंच. मारहाण होणार नाही आणि घरच्यांकडे लक्ष दिलं जाईल, हा भरवसा मात्र दिला. तरीही २० जण आले. त्यात लुक्का उर्फ लोकमन होता. रूपाच्या मृत्यूनंतर मानसिंगाच्या टोळीचा म्होरक्या तोच. दुर्बीण बसवलेली बंदूक त्याने विनोबांपुढे ठेवली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं नाही. वर्षानुवर्षं जिवावर उदार होऊन लढणाऱ्या पोलिसांना हे डाकूंना मोठं करणं वाटलं, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी ते उघड बोलून दाखवलं. ज्यांची माणसं मारली गेली त्यांचं दुःखही खरंच होतं. विनोबांनी श्रेय घेतलं नाही, हे ईश्वराचं काम म्हणून ते पुढच्या गावाला चालू लागले. खटले चालले. बागींच्या आणि पीडितांच्या घरांसाठी चंबळ घाटी शांती समिती काम करत राहिली. पुढे माधोसिंग नावाचा मोठा बागी वेश बदलून पवनारला आला. तेव्हा विनोबांनी त्याला जयप्रकाश नारायणांकडे पाठवलं. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला शेकडो बंदुका खाली आल्या, तेव्हा विनोबा तिथे नव्हतेच. पिछाडीची नम्रता म्हणजे हीच असावी.

आता माझं सांगतो. मागच्या विसर्जनाला आमच्या बिल्डिंगखाली दोन मंडळांच्या पोरांची जुंपली. बांबू निघाले. मी बाल्कनीचं दार लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, पोलिसांना कुणी फोन केला का? केला होता कुणीतरी. मी नव्हता केला. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे मी शांतीवरच पोस्ट टाकली होती.

तेव्हापासून विनोबांची शांतिसेना आठवत राहते. १९५७ मध्ये केरळात त्यांनी ती उभी केली, दंग्याच्या वेळी दोन जमावांच्या मधे बिनहत्यारी जाऊन उभं राहण्यासाठी. पण त्या सैनिकाचं रोजचं काम होतं वस्तीची सेवा. एरवी घरोघरी जाणाऱ्याचंच त्या दिवशी कुणीतरी ऐकेल. म्हणजे अभय ऐनवेळी छातीत आणता येत नाही. ते ओळखीतून, आधीच्या कित्येक साध्या दिवसांतून येतं. मला त्या पोरांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं, मग भीती वाटणारच.

आता दोघांची नावं माहीत आहेत. एक जण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये असतो, बारावीचे दोन विषय राहिलेत. गणिताला मदत करू का विचारलं, तर हसला. अजून आलेला नाही. रविवारी परत विचारेन.

आजचा संकल्प : ज्याची भीती वाटते, अशा जवळच्या एका माणसाचं नाव विचारा.

जय जगत.