इटाव्याच्या बोर्डिंगपासून वर्ध्याच्या परिषदेपर्यंत : डॉ. झाकीर हुसेन यांची शाळा

दरवर्षी पावसाळा लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात नवोदयच्या फॉर्मची गडबड सुरू होते. पाचवीतल्या मुलांचे आईबाप येतात. कुणाला मुख्याध्यापकांचा सही-शिक्का हवा असतो, कुणाच्या आधार कार्डावर नावच वेगळं असतं, कुणाचा फोटो अपलोड होत नाही. वर्धा जिल्ह्यात जवाहर नवोदय विद्यालय एकच, सेलूकाटेचं. सहावीच्या जागा ८०. त्या ८० जागांसाठी तालुक्या-तालुक्यांतून मुलं बसतात.

मागच्या हंगामात एक अम्मी आल्या. शौहर दोन वर्षांपूर्वी वारलेले, मुलगा हुशार. फॉर्म हातात होता, पण भरायची हिंमत होत नव्हती. घरातले मोठे म्हणत होते की बाप नाही, आता पोराला बोर्डिंगमध्ये टाकलं तर ते घरालाही मुकेल आणि दीनलाही. त्यांनी आम्हाला सरळ विचारलं, सर, पाठवू की नको?

आम्ही लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्यांना बसवलं, चहा मागवला आणि एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याचाही बाप लवकर गेला होता आणि त्यालाही घरापासून लांबच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. पुढे तो मुलगा या देशाचा राष्ट्रपती झाला. आणि मधल्या काळात त्याने आपल्या वर्ध्यात बसून हिंदुस्थानातल्या सगळ्या मुलांच्या शाळेचा आराखडा लिहिला. तीच गोष्ट आज इथे लिहितो आहोत.

हैदराबादचं घर आणि इटाव्याची शाळा

झाकीर साहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, पठाणांचं. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला आले, वकिलीत आणि कायद्याची पुस्तकं छापण्यात त्यांनी चांगलं नाव कमावलं. घरात सात मुलं, झाकीर त्यांतले तिसरे. सुरुवातीची तालीम घरीच झाली.

१९०७ मध्ये वडील वारले. झाकीर तेव्हा दहा वर्षांचे होते. वालिदा नाझनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. आता सात मुलांचं काय करायचं? जवळ ठेवायचं की शिकायला लांब पाठवायचं? त्या काळात बेवा बाईसाठी हा साधा सवाल नव्हता. मुलं इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये गेली.

ही शाळा मौलवी बशीरुद्दीन यांनी काढलेली. मुलांची शाळा, सोबत बोर्डिंग. सर सय्यद अहमद खानांनी अलीगढला जी वाट दाखवली तिच्यावर मुलांना तयार करायचं, इंग्रजी आणि विज्ञान शिकवायचं, पण नमाज आणि साधी राहणी सोडायची नाही, असा तिथला शिरस्ता. हेडमास्तर होते सय्यद अल्ताफ हुसेन. मुलांच्या वागण्याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. झाकीर साहेब पुढे आयुष्यभर या उस्तादांची आठवण काढत राहिले. चांगल्या शाळेत घातलं म्हणजे काय मिळालं, तर त्यांना इमारतीपेक्षा हा माणूस मिळाला.

१९११ मध्ये कायमगंजात प्लेग आला आणि वालिदाही गेल्या. चौदा वर्षांचा मुलगा आता दोन्हीकडून पोरका. ज्या आईने काळजावर दगड ठेवून लांब ठेवलं, तिला त्याचं शिक्षण पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. आम्ही शिक्षक लोक यशाच्या गोष्टी सांगताना हा भाग घाईने उरकतो. पण ज्या घरात असं घडलंय त्या घराला हाच भाग आधी ऐकायचा असतो.

त्याच सुमारास तुर्कस्तानवर युद्धं लादली जात होती. शाळकरी झाकीर तिथल्या जखमींसाठी वर्गणी गोळा करत इटाव्यात फिरत. बोलायची, लोकांसमोर उभं राहायची सवय तिथे लागली.

डॉक्टर व्हायचं होतं, झाले मास्तर

१९१३ मध्ये शाळा संपली. इरादा डॉक्टर व्हायचा होता. लखनौला विज्ञान घेतलं, पण तब्येत बिघडली आणि तो रस्ता सुटला. मग अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात कला शाखा घेतली, पदवी मिळवली, पुढे अर्थशास्त्र आणि कायदा शिकू लागले. आजच्या आईबापांनी इथे जरा थांबावं. ठरवलेली लाईन हुकली म्हणून हा मुलगा वाया गेला नाही.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असं त्यांचं आवाहन होतं. झाकीर साहेब तेव्हा शिकत होते आणि शिकवतही होते. पुढची नोकरी, पगार, मान, सगळं समोर दिसत होतं. ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० ला अलीगढलाच जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, ती अशाच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या बळावर.

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली. तिकडे असतानाच खबर आली की जामिया बंद पडायच्या बेतात आहे. खिलाफत चळवळ संपली, पैसा आटला. हकीम अजमल खानांनी १९२५ मध्ये ती दिल्लीला आणून कशीबशी जगवली होती. झाकीर साहेबांनी आपल्या दोन साथीदारांसोबत, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब यांच्यासोबत, ठरवलं की परत जाऊन हीच खिदमत करायची. १९२६ मध्ये ते परतले आणि २९ व्या वर्षी जामियाचे कुलगुरू झाले.

कुलगुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी-बंगला येतो. इथे हाल असे होते की पगाराचीच खात्री नव्हती. १९२८ मध्ये या शिक्षकांनी कसम घेतली, की वीस वर्षं जामियाची सेवा करायची आणि महिन्याला १५० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. हातात येत ते त्याहून कमीच.

आणि मुलं कुठली येणार? जामियाच्या सनदेला सरकारी मान्यता नव्हती. म्हणजे मुलगा तिथे घातला तर सरकारी नोकरीचा दरवाजा बंद, हे आईबापांना ठाऊक होतं. तरी लोकांनी आपली मुलं झाकीर साहेबांच्या हवाली केली. आज आपण प्रवेशाच्या वेळी पहिला सवाल विचारतो की इथून पुढे कुठे लागेल. त्या आईबापांचा पहिला सवाल वेगळा असणार, की इथे मुलगा माणूस म्हणून कसा घडेल.

१ मार्च १९३५ ला ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. पाहुणे मोठमोठे होते. पण पायाचा दगड ठेवला तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने. अशी गोष्ट लहान पोरांवर जीव असलेल्या माणसालाच सुचते. एक किस्साही सांगितला जातो. मुलं मळके जोडे घालून येत, सांगून ऐकत नसत. मग एक दिवस कुलगुरू स्वतः फाटकाशी पॉलिश-ब्रश घेऊन बसले आणि येणाऱ्या मुलांचे जोडे चमकवू लागले. त्यानंतर पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

वर्ध्याचे दोन दिवस

आता आपल्या गावाकडे येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेत, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. प्रांतांमध्ये नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती, शिक्षणमंत्री परिषदेला हजर होते. गांधीजींची कल्पना अशी, की शिक्षण हाताच्या कामातून, उद्योगातून द्यावं आणि मुलांच्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा.

अशा सभेत बहुतेक लोक मान डोलावतात. झाकीर साहेबांनी तसं केलं नाही. कामातून शिकवणं ही दुनियेला अगदी नवी गोष्ट नाही, इतर देशांतल्या शिक्षणतज्ज्ञांनीही ती मांडली आहे, हे त्यांनी अदबीने पण स्पष्ट सांगितलं. आणि एक धोका दाखवला. शाळेचा खर्च मुलांच्या कमाईवर टाकला तर मास्तर मुकादम बनेल आणि पोरांकडून मजुरी करून घेईल. गांधीजींच्या समोर, गांधीजींच्या योजनेबद्दल हे बोलायला जिगर लागते. गांधीजींचं मोठेपण असं, की नंतर अभ्यासक्रम तयार करायची जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष झाकीर साहेबच झाले.

समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आर्यनायकम आणि आशादेवी अशी मंडळी होती. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल आला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण. माध्यम मातृभाषा. मध्यभागी एक उद्योग, कताई-विणाई, शेती, सुतारकाम असा काहीतरी, आणि बाकीचे विषय त्याला जोडून. शाळेचे साडेपाच तास, त्यांत ३ तास २० मिनिटं उद्योग, ४० मिनिटं मातृभाषा. हिंदुस्थानी भाषा नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं आपल्या सेवाग्रामला, आणि त्याचे अध्यक्ष झाकीर साहेब. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही या नई तालीमची आठवण जपते आहे.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या योजनेवर आपल्या समाजातून कडक टीका झाली. अभ्यासक्रमात मजहबी तालीम नाही, मग आमच्या मुलांच्या दीनचं काय, असा सवाल होता. मध्य प्रांतात त्याच वेळी सरकारने विद्यामंदिर योजना आणली, तिच्या नावावरूनच मुस्लिमांची नाराजी उसळली, आणि दोन्ही योजना लोकांनी एकाच तराजूत टाकल्या. मुस्लिम लीगने १९३८ च्या पीरपूर अहवालात शाळांबद्दलच्या तक्रारी मांडल्या. झाकीर साहेबांना घरच्यांकडूनच बोलणी बसली. ज्याने जामियात नमाज, कुराण आणि उर्दू यांच्यासोबत मुलं घडवली, त्याच माणसाला ऐकावं लागलं की तू दुसऱ्यांचं काम करतोस.

त्या टीकेतली भीती खोटी नव्हती असं आम्हाला वाटतं. आपलं मूल परकं तर होणार नाही ना, ही आईची भीती, तीच तेव्हा कौमची भीती होती. पण झाकीर साहेबांनी रागावून कुणाची साथ सोडली नाही. १७ नोव्हेंबर १९४६ ला जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू आणि जिना यांना एकाच मंचावर बसवलं. बाहेर दंगे पेटले होते, आणि हा मास्तर दोन्हीकडच्या नेत्यांना ही आग विझवा म्हणून विनवत होता.

पुढच्याच साली, १९४७ मध्ये, जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. एका शीख अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने वाचवलं. त्यांचे भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले, तिथे शिक्षणमंत्री झाले. झाकीर साहेब इथेच राहिले.

शेवटपर्यंत मास्तर

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९४८ पासून अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू, फाळणीनंतरच्या सगळ्यात नाजूक काळात. १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, आणि १३ मे १९६७ ला राष्ट्रपती. या पदावर बसलेले पहिले मुस्लिम. ३ मे १९६९ ला पदावर असतानाच इंतकाल झाला. दफन जामियाच्या आवारात, त्यांनी उभ्या केलेल्या शाळेच्या सावलीत. लहान मुलांसाठी त्यांनी उर्दूत लिहिलेली अब्बू खाँ की बकरी ही कहाणी आजही उर्दू घरांत वाचली जाते.

आम्हाला यात एक गोष्ट सारखी जाणवते. निवडक मुलांच्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या या माणसाने वर्ध्यात बसून जो आराखडा लिहिला, तो निवडक मुलांसाठी नव्हता. त्यात चाळणी नव्हती. प्रत्येक पोराला शाळा, आणि ती चांगली शाळा, एवढाच हट्ट होता. आज ८० जागांसाठी आपण धावतो, धावायलाच पाहिजे. अर्जाला फी लागत नाही, पेपर मराठीत देता येतो, मग भीती कसली? पण ज्यांचं नाव यादीत येत नाही ती मुलं परत आमच्याच वर्गात येऊन बसतात, जिल्हा परिषदेच्या नाहीतर उर्दू शाळेच्या बाकावर. त्यांच्याकडे बघून तोंड पाडणारा मास्तर किंवा बाप झाकीर साहेबांच्या शाळेत नापास झाला असता.

त्या अम्मींनी फॉर्म भरला. आम्ही सही-शिक्का करून दिला आणि सांगितलं, नंबर लागला तर दर सुट्टीत घरी आणा, कुराण आणि उर्दू सुटू देऊ नका, पोराला रोज तुमची दुआ पोचली पाहिजे. आणि नाही लागला तर दुसऱ्या दिवशी त्याला आमच्याकडे घेऊन या, मान खाली न घालता.

मुलगा परीक्षेला बसला, पेपर बरा गेला म्हणाला. यादीत त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन आल्या, सांगितलं होतं तशाच, मान वर करून. आता तो आमच्या सहावीत पहिल्या बाकावर बसतो. शिकवताना आमची नजर त्याच्याकडे गेली की इटाव्याचे ते हेडमास्तर आठवतात. बाप नसलेल्या एका पोराला तेव्हा तसा उस्ताद मिळाला होता. या पोराला तो मिळतो की नाही, हा आता आमचाच इम्तिहान आहे.