बारशाच्या दिवशी घरात मटण शिजलं नाही आणि डेबूजीच्या वेगळ्या वाटेची सुरुवात झाली

वऱ्हाडातलं एखादं खेडं. घरात बाळाचं बारसं आहे. अंगणात तीन दगडांची चूल मांडली आहे, तिच्यावर मोठा गंज चढवलाय आणि त्यात मटणाचा रस्सा रटरटतोय. बाया पाट्यावर खोबरं-खसखस वाटतायत, दुसऱ्या चुलीवर भाकऱ्या थापल्या जातायत. पुरुष मंडळी एका बाजूला दारूची वाट बघत बसली आहेत.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी अमरावती-अकोल्याकडच्या अनेक जातींमध्ये बारसं म्हटलं की हेच चित्र असायचं. जातभाईंना मटण आणि दारू दिली नाही, तर बारसं झालं असं कुणी मानायचंच नाही.

दापुरे गावातल्या एका तरुण शेतकऱ्यानं मात्र आपल्या मुलीच्या बारशाला हे दोन्ही बंद केलं आणि पाहुण्यांना गोडधोडाचं जेवण वाढलं. या तरुणाचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. पुढं अख्ख्या महाराष्ट्रानं त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखलं.

गाडगेबाबा म्हटलं की हातातला खराटा आठवतो. पण खराट्याच्याही आधी त्यांनी घरच्या चुलीला हात घातला होता. तो का, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या बालपणात जावं लागतं.

दारूनं बाप नेला, सावकारानं शेत

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेणगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई. झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं, घराची वाताहत झाली आणि डेबू लहान असतानाच ते वारले.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. हे गाव अकोला जिल्ह्यात येतं. तिथं मामाच्या घरी डेबू गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळा काही त्याच्या वाट्याला आली नाही. गुरांची मात्र त्याला भारी माया. रानात गुरं चारता चारताच तो मोठा झाला. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचं लग्न झालं.

याच घरात त्यानं दुसरा धडा घेतला. चंद्रभान मामा सावकाराच्या कर्जात अडकले. कागदावर काय लिहिलंय हे घरात कुणाला वाचता येत नव्हतं. पिकवणारे हात यांचे आणि हिशेब सावकाराच्या वहीत, अशी गत. कर्जापायी शेत हातचं जायची वेळ आली. डेबूजी सावकारापुढं उभे राहिले, पण अंगठा उठवणाऱ्या माणसाला एक कागद कसा देशोधडीला लावतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाप दारूत गेला, मामा कर्जात. या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की बारशाच्या दिवशीचा निर्णय कळायला सोपा जातो.

एका पंगतीचा खर्च नेमका कुठून यायचा?

त्या काळी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदाच, पीक निघाल्यावर पैसा यायचा. एरवी घरात ज्वारी असायची, डाळ असायची, पण रोकड नसायची. बारसं, लग्न, तेरवी काही पीक निघायची वाट बघत नाहीत. मग बोकड आणि दारूसाठी उसनवारी व्हायची. उसनवारी फिटली नाही की सावकाराचा उंबरठा आणि तिथून पुढं शेताचा कागद.

म्हणजे पंगत एका दुपारची आणि तिचं व्याज कितीतरी वर्षांचं.

बरं, नाही म्हणायचीही सोय नव्हती. जातीचं जेवण दिलं नाही तर लोक नावं ठेवायचे. पुढं लेकरांच्या सोयरिकीला अडचण यायची. वाळीत पडायची धास्ती तर कायमच होती. दारू प्यायलेल्या पंगतीत भांडणं व्हायची ती वेगळीच.

डेबूजींच्या मुलीचं, आलोकाचं बारसं झालं ते या वातावरणात. दारू नाही, मटण नाही, ताटात गोड जेवण. सोयऱ्याधायऱ्यांना हे रुचलं नाही. बाहेरच्या कुणी सुधारकानं येऊन उपदेश केला असता तर त्याला हसून वाटेला लावता आलं असतं. इथं घरातलाच माणूस, भर पंगतीत, सगळ्यांसमोर रूढी मोडत होता. तेही स्वतःच्या लेकीच्या बारशाला.

लोकांना सांगायच्या आधी स्वतःच्या घरात करून दाखवायचं, ही त्यांची पुढच्या पन्नास वर्षांची पद्धत इथंच दिसते.

घर सोडलं, पण भाकर फुकट खाल्ली नाही

१९०५ मध्ये डेबूजींनी घर सोडलं. वय होतं एकोणतीसच्या आसपास. अंगावर चिंध्यांचा वेश, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. हेच गाडगं उन्हापावसात डोक्यावर असायचं आणि भूक लागली की तेच ताट व्हायचं. लोक त्यांना ‘गाडगेबुवा’, ‘गाडगेमहाराज’ म्हणायला लागले ते त्यामुळंच.

गावात शिरलं की आधी खराटा घ्यायचा आणि रस्ते, गटारं झाडायची. कुणाची लाकडं फोडून द्यायची, कुणाच्या शेतात हात लावायचा. मग गाडग्यात कुणी घातलेली भाकर, कालवण, चटणी, जे असेल ते खायचं. देणाऱ्याची जात ते विचारत नसत.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या काळात मांस न खाणं हे बऱ्याचदा सोवळ्याशी आणि उच्च जातीच्या अभिमानाशी जोडलेलं असायचं. गाडगेबाबांनी मांस नाकारलं, पण सोवळं कधीच पाळलं नाही. कुठल्याही घरची भाकर त्यांना चालायची आणि शिवाशिवीवर ते कीर्तनातून कडाडून तुटून पडायचे. त्यांच्या मांसविरोधाची मुळं वेगळी होती. कर्ज, दारू, देवाच्या नावानं होणारी कत्तल आणि लहानपणापासून राखलेल्या जनावरांबद्दलची दया.

नवसाचा बोकड आणि कीर्तनातले प्रश्न

वऱ्हाडात नवस फेडायचे दोन प्रकार आजही दिसतात. एक रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. दुसरा बोकडाचा किंवा कोंबड्याचा. गाडगेबाबांचा रोख या दुसऱ्या प्रकारावर होता.

त्यांची कीर्तनं म्हणजे प्रश्नोत्तरांचा तासच. अस्सल वऱ्हाडी बोली आणि समोरच्यालाच विचारलेले साधे प्रश्न. देवी जर सगळ्यांची आई असेल तर बोकड कुणाचं लेकरू? नवसानं मुलं होत असतील तर लग्न कशाला करायचं? लोक आधी हसायचे, मग उत्तर देताना अडकायचे आणि तिथंच विचार सुरू व्हायचा.

याचा परिणामही दिसला. १९३१ मध्ये वरवंडे इथं त्यांच्या प्रबोधनातून पशुहत्या बंद झाली. त्याआधी, १९२५ मध्ये मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षणाचं काम उभं केलं होतं. लहानपणी ज्या तालुक्यात गुरं राखली, तिथंच.

जेवणाबद्दल त्यांचा आणखी एक आग्रह होता. ताटवाट्या नसल्या तर भाकर हातावर घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असं ते सांगायचे. मामाचं शेत कशामुळं संकटात आलं, हे ठाऊक असलेल्या माणसाचा हा हिशेब होता. पंगतीवर जाणारा पैसा पाटी-पुस्तकावर गेला, तर पुढच्या पिढीला कागद वाचता येईल.

मग अन्नावर खर्च करायचाच नाही का?

करायचा, पण भुकेल्यासाठी. गाडगेबाबांचं म्हणणं थोडक्यात हेच होतं.

भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन हे पूर्णा नदीकाठचं गाव. पौष महिन्यातल्या रविवारी इथं यात्रा भरते. १९०८ मध्ये गाडगेबाबांनी इथं नदीवर घाट बांधून घेतला. याच यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना आणि गोरगरिबांना जेवू घालायचे. एरवी पंगत उठल्यावर उरलंसुरलं ज्यांच्या वाट्याला यायचं, ती माणसं इथं पाहुणे म्हणून बसायची.

पुढं हेच काम वाढत गेलं. पंढरपूरला १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, कारण दलित वारकऱ्यांना उतरायला धड जागा नव्हती. ही धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपावं लागायचं. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळा बांधली.

या सगळ्यासाठी लोकांनी लाखो रुपये दिले. पण या संस्थांवर आपल्या घरच्यांचा हक्क चालणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते स्वतः शेवटपर्यंत चिंध्यांत राहिले आणि भाकरीवर जगले. घराची सगळी झीज कुंताबाईंनी सोसली. बाबांच्या मोठेपणाबद्दल बोलताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही. लेकीच्या बारशाला रूढी मोडणारा नवरा पुढं घरच सोडून गेला, तेव्हा लेकरांना वाढवायचं ओझं त्या बाईच्या अंगावर पडलं.

शेवट वऱ्हाडातच

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडं येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. अमरावती विद्यापीठालाही पुढं त्यांचंच नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव आज हजारो पदवी प्रमाणपत्रांवर छापलं जातं.

वऱ्हाडी मटणाचा रस्सा आजही वऱ्हाडात शिजतो आणि लोक तो आवडीनं खातात. गाडगेबाबांनी तो पदार्थ संपवला, असं काही झालं नाही. पण बारसं, लग्न आणि तेरवीला ऐपतीबाहेर पंगती उठवण्याची सवयही अजून गेलेली नाही. कधी मटण, कधी पंचपक्वान्नं, कधी मोठा मांडव. पदार्थ बदलतो, उधारी तीच राहते. दापुऱ्याच्या त्या घरात आलोकाच्या बारशाला डेबूजींनी जे नाकारलं, त्यातली ही उधारी आधी होती.