डॉ. मारिया मॉन्टेसरी : बालमनातील गणित ओळखणारी डॉक्टर

गणिताचे नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी मुले प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात आढळतात. अशा मुलाला आपण सहज ढ ठरवून मोकळे होतो. परंतु आकड्यांची समज ही काही मोजक्या मुलांना लाभलेली देणगी नसून प्रत्येक बालकाच्या मनात ती उपजतच असते आणि योग्य वयात योग्य वस्तू हातात मिळाल्यास ती आपोआप फुलते, हे एका कॅथलिक स्त्री-डॉक्टरने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रोममधील एका गरीब वस्तीत दाखवून दिले. आपल्याकडे बालवाडीला सर्रास मॉन्टेसरी म्हटले जाते. पण ज्या व्यक्तीवरून हे नाव पडले तिचे जीवन मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ते जाणून घेणे प्रत्येक आईबापाला उपयोगी पडेल.

जन्म आणि शिक्षण

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआरावाल्ले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे सुशिक्षित, वाचनाची आवड असलेली आणि श्रद्धाळू होती. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला स्थायिक झाले. तेराव्या वर्षी तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला, कारण तिला गणिताची विलक्षण गोडी होती आणि इंजिनिअर व्हायचे होते. पुढे तिचा विचार बदलला व तिने वैद्यकशास्त्राचा मार्ग धरला. त्या काळी मुलीने डॉक्टर होणे वडिलांनाही रुचले नव्हते. आई मात्र खंबीरपणे पाठीशी उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांसोबत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई, म्हणून इतर सर्व निघून गेल्यावर मारिया एकटीच त्या खोलीत काम करीत असे. १८९६ साली तिने रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. इटलीतील अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांमध्ये तिची गणना होते.

टाकून दिलेली मुले

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करीत असताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मतिमंद ठरविलेली मुले मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडून ठेवलेली असत. एका ठिकाणी जेवणानंतर ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचीत बसतात, अशी तक्रार तेथील बाईने तिरस्काराने केल्याचे सांगतात. डॉक्टर मॉन्टेसरींना त्यात हावरटपणा दिसला नाही. त्या रिकाम्या खोलीत हाताळण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती, हे त्यांच्या ध्यानी आले. भूक पोटाची नसून मेंदूची होती आणि ती हातांवाटे भागवली जाऊ पाहत होती.

ईतार्द आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनी अशा मुलांवर केलेले कार्य त्यांनी बारकाईने अभ्यासले. आधी स्नायूंची हालचाल, मग इंद्रियांचे शिक्षण आणि त्यानंतर कल्पना, हा सेगँ यांचा क्रम त्यांनी स्वीकारला. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी निघालेल्या संस्थेच्या त्या सहसंचालिका झाल्या. त्यांच्या हाताखालची काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली तेव्हा लोकांनी वाहवा केली. त्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. मंद ठरविलेली मुले इथवर पोहोचत असतील, तर धडधाकट मुलांना शाळा कुठे अडवून धरीत आहे?

त्या काळी डोक्याचा आकार मोजून बुद्धीचा अंदाज बांधण्याची पद्धत विद्वानांत रूढ होती. मॉन्टेसरीबाईंनीही शाळकरी मुलांची अशी मोजमापे घेतली होती व विद्यापीठात त्या विषयावर व्याख्याने दिली होती. पुढे मात्र त्यांच्या संशोधनाचा रोख बदलला. बालकाची बुद्धी समजून घ्यायची तर ते मोकळेपणी काम करीत असताना त्याच्याकडे पाहावे लागते, हे त्यांना उमगले.

अंतरीचे दुःख

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात एक खोल जखम झाली. सहकारी डॉक्टर जुसेप्पे माँतेसानो यांच्यापासून १८९८ साली त्यांना मारियो नावाचा पुत्र झाला. दोघांचा विवाह झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही. त्या काळच्या समाजात ही गोष्ट उघड होती तर त्यांचे सारे कार्य तेथेच संपले असते. बाळाला रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढविण्यास देण्यात आले. आई अधूनमधून भेटून येई, पण आपण कोण हे सांगू शकत नसे. जगातील बालकांना समजून घेणारी ही स्त्री स्वतःच्या बालकाचे बालपण जवळून पाहू शकली नाही. १९१२ साली त्यांची आई वारली. त्यानंतर किशोरवयीन मारियो त्यांच्याकडे राहावयास आला आणि अखेरपर्यंत त्यांचा सहकारी झाला. तरीही अनेक वर्षे त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई. या प्रसंगाचा निवाडा करण्याची आपल्याला घाई नको. एवढे खरे की पुढे त्यांनी ज्या तळमळीने परक्या मुलांकडे पाहिले, त्या तळमळीमागे हे मौनही होते.

सान लोरेन्झोचे बालगृह

६ जानेवारी १९०७, प्रभुप्रकटीकरणाचा सण. रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीतील चाळीत पहिले बालगृह सुरू झाले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले जिने व भिंती खराब करीत, म्हणून चाळीच्या मालक कंपनीने त्यांना सांभाळण्यासाठी एक खोली दिली होती. तीन ते सहा-सात वर्षांची सुमारे पन्नास मुले जमली. रडकी, भेदरलेली, कुपोषित. उद्घाटनाच्या भाषणात मॉन्टेसरीबाईंनी त्या सणाच्या मिस्सेतील यशया संदेष्ट्याचे वाचन घेतले. अंधारावर प्रकाश उगवण्याचे ते वर्णन या मुलांना लागू पडेल, असे तेथे जमलेल्या फारच थोड्यांना वाटले असावे.

पुढे जे घडले ते पाहून त्या स्वतःच थक्क झाल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती. त्यांनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी गायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती थांबली, तेव्हा दमलेली नव्हती, उलट प्रसन्न दिसत होती. मूल एकाग्र होऊ शकत नाही, हा समज त्या दिवशी कोसळला. दट्ट्यांची जाडी आणि उंची नजरेने तोलणारी ती मुलगी नकळत गणितच करीत होती.

हातातून मनाकडे

मॉन्टेसरीबाईंच्या गणिताचे मर्म येथेच आहे. मोजणे, तुलना करणे, क्रम लावणे, नेमकेपणाची ओढ असणे हा मानवी मनाचा स्वभावच आहे, असे त्यांचे मत होते. फ्रेंच विचारवंत पास्कल यांच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी त्याला गणिती मन असे नाव दिले. डच जीवशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांच्या संशोधनावरून त्यांनी असेही मांडले की बालपणात विशिष्ट गोष्टी शिकण्याचे विशिष्ट काळ येतात. तो काळ निसटला की तेच शिकणे कष्टाचे होते.

म्हणून त्यांनी साधने तयार केली. संख्येच्या दहा दांड्या घ्या. पहिली दहा सेंटिमीटरची, दहावी एक मीटरची आणि प्रत्येकीवर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल व निळे पट्टे. आपण मुलाला सुटे मणी एक, दोन, तीन असे मोजायला लावतो तेव्हा तिसऱ्या मण्याचे नाव तीन आहे, असा त्याचा समज होण्याचा संभव असतो. तीनची दांडी मात्र एकसंध असते. तिचे तीन भाग दिसतात, तरी ती एकच वस्तू म्हणून हातात येते. तीन ही एक राशी आहे हे मूल असे हाताने समजते. मग नऊच्या दांडीला एकची, आठला दोनची, सातला तीनची जोडली की प्रत्येक वेळी दहाची लांबी भरते. पाचची दांडी एकटी उरते. ती एकदा उलटून पुढे ठेवली की दहाची लांबी होते. पाच दुणे दहा हा पाढा पाठ न करताच डोळ्यांपुढे उभा राहतो.

शून्य शिकविताना त्या खेळ खेळत. एखाद्या बालकाला आपल्याकडे शून्य वेळा यायला सांगत. ते धावत येई. तू तर एकदा आलास, असे त्याला समजावीत. मग हळूहळू सारी मुले जागीच उभी राहून खुदूखुदू हसू लागत. शून्य म्हणजे काहीच न करणे, हे त्यांना पटलेले असे.

सोनेरी मण्यांचे साधन तर जगभर गाजले. एक सुटा मणी, दहांची सळी, शंभराचा चौकोन आणि हजाराचा घन. एका हातात एक मणी व दुसऱ्या हातात हजारांचा घन घेतलेल्या पाच वर्षांच्या मुलाला दशमान पद्धतीचा अर्थ सांगावा लागत नाही, तो त्याच्या हाताला वजनाने कळतो. दहा सुटे झाले की ते देऊन एक सळी आणायची, म्हणजे आपला हातचा. चूक झाली तर वस्तूच ती दाखवून देते. शिक्षिकेने रागावण्याचे कारण उरत नाही आणि गणिताची भीती रुजण्याआधीच नाहीशी होते. या विषयाची सविस्तर मांडणी त्यांनी १९३४ साली बार्सिलोना येथे प्रसिद्ध झालेल्या अंकगणित व भूमिती या विषयांवरील दोन ग्रंथांत केली.

मान आणि विरोध

१९०९ च्या त्यांच्या ग्रंथाने त्यांचे नाव जगभर पोहोचले. बार्सिलोनात त्यांनी धर्मशिक्षणातही हीच पद्धत आणली. मुलांनी वेदीसाठी लागणारा गहू आणि द्राक्षे स्वतः लावली व वाढविली. मिस्सेतील भाकर आणि द्राक्षारस त्यांना असा हाताने परिचित झाला. तरी टीका चुकली नाही. अमेरिकेतील किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञाने १९१४ साली त्यांची पद्धत कालबाह्य ठरविली. बालकाला इतके स्वातंत्र्य दिल्यास मूळपापाच्या शिकवणीचे काय, असा संशय काही कॅथलिकांनीही घेतला. मुसोलिनीने आधी त्यांच्या शाळांना पाठिंबा दिला. पण मुले हुकूमशाहीच्या साच्यात बसविणे त्यांना मान्य झाले नाही. १९३४ साली त्यांनी इटली सोडली. १९३६ साली स्पेनमधील यादवी युद्धामुळे बार्सिलोनाही सोडावे लागले.

भारतातील वर्षे

थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस त्या मारियोसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. ताडाच्या पानांच्या झोपड्यांत त्यांनी सुमारे तीनशे शिक्षकांचा वर्ग घेतला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि माय-लेक दोघेही ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियोला आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध केले गेले. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडण्यास मनाई झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाची सुटका करण्यात येत असल्याचे तीत कळविले होते. जे नाते चार दशके लपवावे लागले, त्याचा एका सरकारी तारेत मुलगा म्हणून स्पष्ट उल्लेख झाला.

१९४६ पर्यंत त्या भारतात राहिल्या. कोडाईकनाल, अहमदाबाद अशा ठिकाणी त्यांनी शिक्षक घडविले. बालकाचे मन भोवतालचे सारे शोषून घेते, हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ येथील व्याख्यानांतूनच तयार होऊन १९४९ साली अड्यारला छापला गेला. त्यांच्या विचारांचे बीज आपल्या मातीत त्याआधीच पडले होते. भावनगरचे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या व पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत गेले. महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू त्यांनी वापरल्या. तत्त्व मात्र तेच राहिले : आधी हात, मग आकडा.

अखेर आणि वारसा

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. मारियो यांनी १९८२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांचे कार्य चालविले.

त्यांच्या काळी मेंदूत डोकावण्याची साधने नव्हती. आज ती आहेत, आणि संख्या व परिमाण यांच्या जाणिवेत मेंदूचा एक ठरावीक भाग विशेष क्रियाशील असतो हे दिसून आले आहे. अवघ्या पाच महिन्यांच्या बाळालाही एक आणि दोन वस्तूंमधील फरक जाणवतो, असे १९९२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगातून पुढे आले. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात चिठ्ठ्या टाकून मॉन्टेसरी शाळेत प्रवेश मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुले साध्या गणितात व वाचनात पुढे होती. बाराव्या वर्षी मात्र गणितात तसा फरक आढळला नाही. म्हणजे ही पद्धत जादू नव्हे. त्यांच्या सर्वच कल्पना टिकल्या असेही नाही.

टिकले आहे ते त्यांचे पाहणे. वेड्यांच्या इस्पितळातील मुले, सान लोरेन्झोच्या चाळीतील मुले, ज्यांच्याविषयी जगाने आशा सोडली होती त्यांच्यापुढे त्या गुडघे टेकून बसल्या आणि त्यांचे हात काय करतात ते पाहत राहिल्या. प्रभू येशूने शिष्यांच्या मध्ये एका बालकाला उभे केले होते. या स्त्रीने ते शब्दशः मनावर घेतले. आपल्या घरातले लेकरू उद्या बेरजेशी अडले, तर त्याला ढ म्हणण्याआधी ओंजळभर चिंचोके त्याच्या हाती द्यावेत आणि क्षणभर गप्प बसून पाहावे. मॉन्टेसरीबाईंचे स्मरण यापेक्षा चांगल्या रीतीने होणार नाही.